ट्रीमोनिशा : ६१ वर्षं रंगमंचाची वाट पाहणारा ऑपेरा

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये एका संगीतकाराने पदरमोड करून २३० पानांचा एक ग्रंथ छापला. ग्रंथ म्हणजे एका संपूर्ण ऑपेराची स्वरलिपी होती. शब्द त्याचे, संगीतही त्याचंच. पुढची सहा वर्षं तो निर्मात्यांचे उंबरे झिजवत राहिला, पण कुणीही ऑपेरा उभा केला नाही. १९१७ मध्ये तो गेला आणि त्याला कुठलीही खूण नसलेल्या थडग्यात पुरण्यात आलं.

त्या ऑपेराचा पहिला पूर्ण प्रयोग झाला १९७२ मध्ये. चार वर्षांनी त्याच्या संगीतकाराला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला.

संगीतकाराचं नाव स्कॉट जॉप्लिन आणि ऑपेराचं नाव ‘ट्रीमोनिशा’. विस्मृतीत गेलेली कलाकृती पुन्हा उभी करणं म्हणजे कपाटातून वही काढून ती वाजवणं, असं आपल्याला वाटतं. ‘ट्रीमोनिशा’च्या बाबतीत ते इतकं सोपं नव्हतं, कारण त्यातला एक मोठा भाग कायमचा हरवला होता.

थोडक्यात महत्त्वाचं

• स्कॉट जॉप्लिन : ‘रॅगटाइमचा राजा’ म्हणून ओळखले जाणारे आफ्रिकन-अमेरिकन संगीतकार
• ‘ट्रीमोनिशा’ची छपाई : १९११, स्वखर्चाने
• पहिला पूर्ण प्रयोग : जानेवारी १९७२, अटलांटा
• काय वाचलं : पियानो आणि गायनाची छापील स्वरलिपी
• काय हरवलं : जॉप्लिन यांनी वाद्यवृंदासाठी केलेली मांडणी

स्कॉट जॉप्लिन कोण होते?

जॉप्लिन यांचा जन्म १८६७-६८ च्या सुमारास टेक्सास राज्याच्या ईशान्य भागात झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. वडील स्वतः गुलामगिरीत राहिलेले होते, तर आई लोकांच्या घरी कामं करायची. आईच्या कामाच्या घरांत पियानो असायचा आणि त्यावर या मुलाची बोटं फिरू लागली. टेक्सारकाना गावातल्या ज्युलियस वाइस या जर्मन संगीतशिक्षकाने त्याची चुणूक ओळखली आणि त्याला फुकट शिकवलं. युरोपीय शास्त्रीय संगीत आणि ऑपेरा यांची ओळख जॉप्लिन यांना इथे झाली.

१८९९ मध्ये त्यांची ‘मेपल लीफ रॅग’ ही पियानोरचना प्रसिद्ध झाली आणि त्यांचं नाव देशभर पोहोचलं. प्रकाशक जॉन स्टार्क यांच्याशी झालेल्या करारानुसार विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे त्यांना एक सेंट मिळायचा. त्या काळात कृष्णवर्णीय संगीतकारांच्या रचना बहुतेकदा एकरकमी पैसे देऊन कायमच्या विकत घेतल्या जात. त्यामुळे हा एक सेंटसुद्धा मोठी गोष्ट होती.

रॅगटाइममध्ये डावा हात घड्याळासारखा ठेका धरून ठेवतो आणि उजवा हात चाल वाजवताना मात्रेच्या किंचित अलीकडे-पलीकडे खेळतो. या ओढाताणीतून ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो. दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत वाजणारं हे संगीत प्रतिष्ठित लोकांना हलकं वाटायचं. जॉप्लिन यांना मात्र ते कागदावर नीट लिहिलेलं, गंभीरपणे वाजवलं जाणारं संगीत म्हणून मान्य व्हावं असं वाटत होतं. ऑपेरा लिहिण्यामागे ही आकांक्षाही होती.

पहिला ऑपेरा कुठे गेला?

‘ट्रीमोनिशा’च्या आधी जॉप्लिन यांनी आणखी एक ऑपेरा लिहिला होता, ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं होतं. गोऱ्यांच्या दक्षिणेत त्यावरून मोठा गदारोळ उठला. ऑपेराचा विषय हीच घटना होती, असं मानलं जातं.

१९०३ मध्ये जॉप्लिन हा ऑपेरा घेऊन दौऱ्यावर निघाले, पण आर्थिक अडचणींमुळे दौरा अर्ध्यातच मोडला. या ऑपेराची स्वरलिपी आजवर कुणालाही सापडलेली नाही. ती छापली गेलीच नव्हती.

‘ट्रीमोनिशा’ आज आपल्यापर्यंत पोहोचला, कारण जॉप्लिन यांनी तो छापून ठेवला. दोन्ही ऑपेरांच्या नशिबातला मोठा फरक हा एवढाच आहे.

‘ट्रीमोनिशा’ची गोष्ट काय आहे?

ऑपेरा म्हणजे ज्यात जवळपास सगळा संवाद गाऊनच होतो असं नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदं आलटून-पालटून येतात, ऑपेरात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत संगीत चालू असतं. ‘ट्रीमोनिशा’चे तीन अंक आहेत आणि त्यात २७ गीतं-वाद्यरचना आहेत.

काळ आहे सप्टेंबर १८८४ आणि ठिकाण आहे अमेरिकेच्या अर्कान्सॉ राज्यातला एक मळा, टेक्सारकानाच्या ईशान्येला. म्हणजे जॉप्लिन यांचं बालपण गेलं तोच परिसर. गुलामगिरी संपली आहे, पण शाळा नाही, अक्षरओळख नाही. लोकांच्या अज्ञानावर काही मांत्रिकांचं पोट चालतं. ते नशीब फळफळवणाऱ्या पुड्या विकतात, करणीची भीती घालतात.

नेड आणि मोनिशा या जोडप्याला मूल नसतं. एक दिवस मोनिशाला घरासमोरच्या झाडाखाली एक तान्ही मुलगी सापडते आणि दोघं तिला पोटच्या मुलीसारखं वाढवतात. मुलगी सतत त्या झाडाखाली खेळते, म्हणून तिचं नाव पडतं ट्रीमोनिशा, झाडाची मोनिशा. तिला शिकवायचं असं आई-बाप ठरवतात. जवळच्या एका गोऱ्या बाईंकडे नेड लाकडं फोडून देतो, मोनिशा धुणी आणि इस्त्री करते आणि त्या मोबदल्यात त्या बाई मुलीला लिहायला-वाचायला शिकवतात.

ट्रीमोनिशा आता अठरा वर्षांची आहे आणि वस्तीत शिकलेली ती एकटीच. झॉडझेट्रिक नावाचा मांत्रिक मोनिशाला नशिबाची पुडी विकायला येतो, तेव्हा ती त्याला तोंडावर सुनावते. मांत्रिक सूड उगवायचं ठरवतात. तिला पळवून रानात नेतात आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर ढकलायच्या बेतात असतात, तेवढ्यात तिचा मित्र रेमस येतो. त्याने बुजगावण्याचं सोंग घेतलेलं असतं. त्याला सैतान समजून मांत्रिक पळून जातात. अंधश्रद्धेचा धंदा करणारे स्वतःच्याच अंधश्रद्धेला घाबरतात, ही जॉप्लिन यांची कोपरखळी.

शेवटच्या अंकात गावकरी मांत्रिकांना पकडतात आणि बदडायला निघतात. ट्रीमोनिशा त्यांना अडवते. समज देऊन सोडून द्या, असं ती सांगते. मग गावकरी तिलाच आपलं नेतृत्व करायला सांगतात आणि सगळे मिळून ‘अ रिअल स्लो ड्रॅग’ या संथ, डौलदार नाचगाण्याने ऑपेरा संपवतात.

१९११ साली हे छापलं गेलं तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत स्त्रियांना मतदानाचा पूर्ण हक्क नव्हता. त्या काळात एक अठरा वर्षांची शिकलेली कृष्णवर्णीय मुलगी आपल्या समाजाची पुढारी म्हणून निवडली जाते, असा शेवट जॉप्लिन यांनी केला.

हा ‘रॅगटाइम ऑपेरा’ आहे का?

अनेक ठिकाणी तसं लिहिलेलं सापडतं, पण स्वतः जॉप्लिन यांना हे लेबल मान्य नव्हतं. आपण रॅगटाइमचे संगीतकार असलो तरी ‘ट्रीमोनिशा’ रॅगटाइम नाही, असं त्यांनी जाहीरपणे स्पष्ट केलं होतं.

ऑपेरा ऐकल्यावर त्यांचं म्हणणं पटतं. रॅगटाइमची लय मोजक्या जागी, विशेषतः नाचांमध्ये येते. बाकी ऑपेरात युरोपीय धाटणीची एकल गाणी आहेत, चौघा पुरुषांचं समूहगान आहे, चर्चमधल्या प्रवचनासारखा पाद्रीचा प्रसंग आहे, मक्याची कणसं सोलायला निघालेल्या मजुरांची गाणी आहेत आणि गोल रिंगण धरून खेळायचं गाणंही आहे. जॉप्लिन यांनी लहानपणी ऐकलेलं सगळं यात आलं आहे.

जॉप्लिन यांच्या हयातीत प्रयोग का झाला नाही?

छापील प्रत निघाल्यानंतर जून १९११ मध्ये ‘अमेरिकन म्युझिशियन अँड आर्ट जर्नल’ने त्याचं लांबलचक आणि मनापासून कौतुक करणारं परीक्षण छापलं. पण परीक्षणातून पैसे उभे राहत नाहीत. ऑपेरासाठी गायक, समूहगायक, नर्तक, वाद्यवृंद, नेपथ्य आणि मोठं नाट्यगृह लागतं. गोऱ्यांच्या ऑपेरागृहांत कृष्णवर्णीयांना मंचावर जागा नव्हती. कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीला गल्ला भरायचा असल्याने तिथे हलक्याफुलक्या कार्यक्रमांना मागणी होती. गावंढळ मळ्यातली, मांत्रिकांची गोष्ट हार्लेमच्या शहरी प्रेक्षकांना आपल्या नकोशा भूतकाळाची आठवण करून देणारी वाटली असावी, असंही काही अभ्यासक मांडतात.

१९१५ मध्ये हार्लेमच्या लिंकन थिएटरमध्ये जॉप्लिन यांनी नेपथ्याशिवाय, वेशभूषेशिवाय आणि वाद्यवृंदाशिवाय, स्वतः पियानोवर बसून एक वाचनप्रयोग केला आणि तो पडला, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. त्याच वर्षी एका संगीतशाळेच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या अंकातला अस्वलांचा नाच वाद्यवृंदासह सादर केला. आपल्या ऑपेरातलं काही वाद्यवृंदावर वाजलेलं जॉप्लिन यांना ऐकायला मिळालं, ते एवढंच.

तोवर त्यांचा आजार बळावला होता. त्या काळी सिफिलिसवर खात्रीचं औषध नव्हतं आणि त्याचा परिणाम त्यांच्या मेंदूवर झाला होता. १ एप्रिल १९१७ रोजी मॅनहॅटनमधल्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांचं निधन झालं. क्वीन्समधल्या सेंट मायकल्स दफनभूमीत ज्या जागी त्यांना पुरलं, तिथे नावाचा दगड बसायला १९७४ साल उजाडलं.

वाद्यवृंदाची मांडणी कशी हरवली?

१९११ मध्ये छापली गेलेली प्रत ही ‘पियानो-व्होकल स्कोअर’ होती. तिच्यात गायकांच्या ओळी पूर्ण असतात, पण वाद्यवृंदाने जे वाजवायचं ते दोन हातांनी पियानोवर वाजवता येईल इतक्या संक्षिप्त रूपात असतं. तालमीसाठी ते पुरतं. प्रत्यक्ष प्रयोगाला मात्र बासरीने कुठे वाजवायचं, ट्रॉम्बोनने कुठे गप्प बसायचं, व्हायोलिनवर कुठली ओळ, हे सगळं वेगळं लिहावं लागतं.

जॉप्लिन यांनी ती मांडणी लिहिली होती, असं त्यांच्यासोबत काम केलेल्या लोकांनी पुढे सांगितलं. त्यांच्या मागे सगळे कागद पत्नी लॉटी यांनी सांभाळले. हार्लेममध्ये त्या खोल्या भाड्याने देऊन गुजराण करायच्या. १९५३ मध्ये लॉटी गेल्या. कागद क्लॅरिनेट हे वाद्य वाजवणारे विल्बर स्वेटमन यांच्या ताब्यात आले. १९६१ मध्ये स्वेटमनही गेले आणि त्यानंतर ती कागदपत्रं नाहीशी झाली. वाद्यवृंदाची मांडणी तर गेलीच, शिवाय जॉप्लिन यांच्या अप्रकाशित रचनाही गेल्या.

म्हणजे हे कागद जॉप्लिन यांच्या मृत्यूनंतर ४४ वर्षं कुणाच्या ना कुणाच्या घरात होते. आणखी दहा वर्षं टिकले असते, तर त्यांचा शोध घेणारे लोक आलेच होते.

मग पुनरुज्जीवन कसं झालं?

एका झटक्यात नाही, तर अनेकांच्या कामातून, टप्प्याटप्प्याने.

१९७० : पियानोवादक जोशुआ रिफकिन यांनी जॉप्लिन यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. गुत्त्यातलं संगीत समजल्या गेलेल्या या रचना त्यांनी शास्त्रीय मैफलीच्या गांभीर्याने वाजवल्या. ती तुफान खपली.

१९७१ : व्हेरा ब्रॉडस्की लॉरेन्स यांनी संपादित केलेलं जॉप्लिन यांचं समग्र संगीत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने दोन खंडांत प्रसिद्ध केलं. त्यात ‘ट्रीमोनिशा’ पूर्ण होता. दुर्मीळ प्रत आता कुणालाही मिळू शकत होती.

जानेवारी १९७२ : अटलांटामध्ये पहिला पूर्ण प्रयोग झाला. मोअरहाऊस हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक कॉलेज आणि अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांनी मिळून तो केला. हरवलेल्या मांडणीच्या जागी कृष्णवर्णीय संगीतकार टी. जे. अँडरसन यांनी नवी मांडणी लिहिली. संगीतदिग्दर्शन रॉबर्ट शॉ यांचं होतं, तर मंचीय दिग्दर्शन विख्यात नर्तकी आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासक कॅथरीन डनहॅम यांचं.

१९७३ : ‘द स्टिंग’ हा हॉलिवूडपट आला. त्यातली ‘द एंटरटेनर’ ही जॉप्लिन यांची १९०२ ची चाल घरोघरी पोहोचली. चित्रपटाच्या संगीतासाठी मार्विन हॅमलिश यांना ऑस्कर मिळालं.

१९७५ : ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने भव्य निर्मिती केली. मांडणी गुंथर शुलर यांची, दिग्दर्शन फ्रँक कोर्सारो यांचं आणि ट्रीमोनिशाच्या भूमिकेत कारमेन बाल्थ्रॉप. हीच निर्मिती पुढे ब्रॉडवेवर गेली आणि तिचं संपूर्ण ध्वनिमुद्रणही निघालं.

१९७६ : अमेरिकन संगीतातल्या योगदानासाठी जॉप्लिन यांना पुलित्झरचा विशेष मरणोत्तर सन्मान मिळाला.

‘द स्टिंग’मुळे ‘ट्रीमोनिशा’ला पुनर्जन्म मिळाला, असं अनेकदा सांगितलं जातं. तारखा पाहिल्या तर पहिला प्रयोग चित्रपटाच्या जवळपास दोन वर्षं आधीचा आहे. चित्रपटाने प्रेक्षक मिळवून दिले, पण पायाभरणी संपादक, ग्रंथालय आणि एका कॉलेजने केली होती.

वाद कशावरून आहे?

पहिला वाद आवाजाचा. शुलर यांची मांडणी मोठ्या ऑपेरागृहाला साजेशी, भरदार वाद्यवृंदाची होती. पॅरागॉन रॅगटाइम ऑर्केस्ट्राचे प्रमुख रिक बेंजामिन यांना ते पटलं नाही. जॉप्लिन ज्या रंगभूमीला ओळखत होते तिथे साधारण डझनभर वादक बसायचे, मग त्यांच्या डोक्यातला आवाजही तेवढाच असणार, असं त्यांचं म्हणणं. त्या काळातल्या नाट्यगृहांच्या छापील संगीताचा अभ्यास करून त्यांनी १२ वादकांची मांडणी तयार केली. तिचं ध्वनिमुद्रण २०११ मध्ये, छपाईच्या शंभराव्या वर्षी आलं. दोन्ही ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकली तर चाली त्याच, पण ऑपेरा वेगळा वाटतो.

दुसरा वाद गोष्टीचा. जॉप्लिन यांच्या ऑपेरात मांत्रिक म्हणजे अडाणीपणा आणि गोऱ्या बाईंकडून मिळालेलं शिक्षण म्हणजे उजेड. ट्रीमोनिशा प्रमाण इंग्रजीत गाते, तर मांत्रिक आणि वडीलधारी माणसं बोलीत. जडीबुटी, गंडेदोरे, मंत्र यांत आफ्रिकेतून आलेली श्रद्धा आणि वैद्यकीही होती, ती सगळीच फसवणूक कशी, असा प्रश्न आज विचारला जातो. त्याला उत्तरही दिलं जातं. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या मुलाला अक्षरओळख हीच सुटकेची वाट दिसली, तर त्यात नवल काय? अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता, ही गोष्ट त्याच्या आई-बापांच्या पिढीची होती.

२०२३ मध्ये या वादातून दोन नव्या निर्मिती पुढे आल्या. टोरांटोच्या व्होल्केनो थिएटरने लिआ-सिमोन बोवेन यांच्याकडून गोष्टच नव्याने लिहून घेतली आणि जेसी मॉन्टगोमेरी व जॅनिना नॉरपोथ यांनी संगीताची नवी मांडणी केली. ऑपेरा थिएटर ऑफ सेंट लुईसने जॉप्लिन यांचा मूळ ऑपेरा मध्ये ठेवला आणि आधी व नंतर डेमियन स्नीड यांनी रचलेले दोन नवे भाग जोडले. त्यांत स्वतः जॉप्लिन आणि लग्नानंतर दहा आठवड्यांतच वारलेली त्यांची तरुण पत्नी फ्रेडी ही पात्रं आहेत. फ्रेडी १९०४ मध्ये न्यूमोनियाने गेली होती. ट्रीमोनिशाची गोष्ट घडते ते १८८४ हे तिच्या जन्माचं वर्ष मानलं जातं.

बदल करणाऱ्यांचं म्हणणं असं की मांडणी नव्याने लिहावीच लागते, म्हणजे ‘मूळ’ असं काही पूर्ण शिल्लकच नाही. विरोधकांचं म्हणणं असं की जॉप्लिन यांना हयातीत एकही पूर्ण प्रयोग मिळाला नाही, तेव्हा निदान त्यांचे शब्द तरी त्यांचे राहू द्यावेत.

हे एकट्या जॉप्लिन यांचं दुखणं आहे का?

नाही. विल्यम ग्रँट स्टिल यांचा ‘ट्रबल्ड आयलंड’ १९४९ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेराने केला. कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा मोठ्या अमेरिकन कंपनीने सादर करण्याची ती पहिली वेळ. हॅरी लॉरेन्स फ्रीमन यांचा ‘वूडू’ १९२८ नंतर थेट २०१५ मध्ये ऐकू आला. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेले एडमंड डेडे यांनी फ्रान्समध्ये १८८७ साली लिहून पूर्ण केलेला ‘मॉर्जियान’ हा ऑपेरा हस्तलिखितात पडून होता. हार्वर्डच्या ग्रंथालयात असलेल्या त्या हस्तलिखितावरून तो पहिल्यांदा पूर्ण सादर झाला २०२५ मध्ये.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ मध्ये सुरू झालं. तिथे कृष्णवर्णीय संगीतकाराचा पहिला ऑपेरा, टेरेन्स ब्लँचर्ड यांचा ‘फायर शट अप इन माय बोन्स’, सादर व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडलं. म्हणजे १३८ वर्षं. आणि जॉप्लिन न्यूयॉर्कमध्ये ‘ट्रीमोनिशा’ घेऊन दारोदार फिरत होते, तेव्हाही हे ऑपेरागृह त्याच शहरात सुरू होतं.

काय ऐकावं?

पूर्ण ऑपेरा साधारण दीड तासाचा आहे. एवढा वेळ नसेल तर चार तुकडे पुरेसे आहेत. सुरुवातीचं वाद्यसंगीत, म्हणजे ‘ओव्हर्चर’. रिंगणाच्या खेळाचं ‘वुई आर गोइन अराउंड’. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, दिवसभराचं काम संपल्याचा भोंगा वाजल्यावर कापूस वेचणारे आनंदाने गातात ते ‘आँट डायना हॅज ब्लोड द हॉर्न’. आणि अखेरचं ‘अ रिअल स्लो ड्रॅग’. शेवटचं गाणं आधी शुलर यांच्या मांडणीत आणि मग बेंजामिन यांच्या मांडणीत ऐकलं, तर हरवलेल्या कागदांत नेमकं काय होतं हा प्रश्न अजून का सुटलेला नाही, ते कानालाच कळतं.